सारजाचा मऊ किडा

जिथे गाडीरस्ता दमून थांबतो आणि पुढे एकटी पायवाटच चालत राहते, तिथे झाडीच्या ओंजळीत एक तळं होतं. सकाळी ते दुधी दिसायचं, दुपारी मोरपंखी, आणि दिवस मावळताना कुणी त्यात केशराची डबी उपडी केल्यासारखं. तळ्याच्या काठाला एक इवलीशी झोपडी होती. झोपडीत आय, सारजा आणि मैना अशा तिघी राहायच्या.

सारजा नऊ वर्षांची, मैना चार वर्षांची. बा देवाघरी गेला तेव्हा मागे एक जाळं उरलं होतं. तेही पुरात वाहून गेलं. आता घरात होती फक्त बाची गळाची काठी आणि तिच्या दोरीला लावलेलं लाल बूच. बोराएवढं ते बूच बाने स्वतः कोरलं होतं. पाण्यावर ते टुकटुक तरंगायचं आणि मासा लागला की डुबुक करून बुडायचं.

मैना नुकतीच मोठ्या तापातून उठली होती. उठली म्हणजे काय, बसती झाली. हात काडीसारखे, गाल आत गेलेले. औषध देणारी वैदूकाकी म्हणाली, "माझ्या मुळ्या संपल्या, बाई. आता पोरीला रोज वाटीभर खवल्यांचा रस्सा पाज. अंगात जीव आला तर ताप फिरून यायचा नाही."

खवली म्हणजे बोटाएवढी रुपेरी मासोळी. तळ्यात त्या हजारोंनी चमकायच्या. आय दिवसभर बांबूच्या टोपल्या विणायची, तेव्हा मासे आणायचे ते सारजाने. पण तिथेच घोडं अडलं होतं. खवलीला लागतो किडा, जिवंत, वळवळता. आणि सारजाला जिवंत किडा गळाला टोचवत नसे.

गावातली पोरं हसायची. गोदी त्यांची म्होरकी. ती म्हणायची, "सारजे, किड्याला आधी विचार, टोचू का म्हणून. हो म्हणाला तर टोच."

"मासा आपलं अन्न आहे," सारजा म्हणायची, "तो मी आणीन. पण त्याच्यासाठी दुसऱ्याला जिवंत टांगायचं, हे नाही जमत मला."

"मग मैनाला काय हवा पाजणार?"

सारजा आपली काठी घेऊन तळ्यावर जायची. ती गळाला भाताचं शीत लावायची, कणकेची गोळी लावायची. खवल्या जवळ यायच्या, हुंगायच्या आणि पाहुण्यांनी फराळाचं ताट सरकवावं तशा निघून जायच्या.

एका सकाळी लव्हाळ्याच्या बेटाशी गोदी उभी दिसली. तिच्या हातात दोरा होता, आणि दोऱ्याच्या टोकाला शेपटीला गाठ मारलेला एक चतुर. पोरं चतुराला असं बांधून उडवतात, तुम्हीही पाहिलं असेल. हा चतुर मात्र जगावेगळा होता. पंख अभ्रकाच्या पापुद्र्यासारखे, त्यांत निळे, जांभळे, सोनेरी ठिपके, आणि डोळे दोन हिरव्या मण्यांसारखे. तो वर झेपावायचा आणि दोरा त्याला खाली ओढायचा.

"सोड ना गं त्याला," सारजा म्हणाली.

"वा गं. तू काय देशील?"

सारजाने स्वतःकडे पाहिलं. देण्याजोगं काहीच नव्हतं. मग तिने बाचं लाल बूच दोरीतून सोडवलं आणि गोदीच्या तळहातावर ठेवलं. गोदी जराशी चपापली, पण बूच मुठीत घेऊन पळाली.

सारजाने नखाच्या टोकाने हळूच गाठ सोडवली. त्याबरोबर चतुराभोवती प्रकाशाचं एक वेटोळं फिरलं, आणि लव्हाळ्याच्या पात्यावर हातभर नाही, वीतभर नाही, जेमतेम बोटभर उंचीची एक परी उभी राहिली. अंगात पाण्याच्या रंगाचा झगा, केसांत दवाच्या टिकल्या, पाठीवर तेच चार झिरमिरीत पंख.

"मी या तळ्याची चतुरपरी," ती म्हणाली. तिचा आवाज पाण्यावर पहिला थेंब पडावा तसा होता. "तुला तीन वर देते, बाळ."

"माझ्या मैनाला बरं कर," सारजा लगेच म्हणाली.

परीने मान हलवली. "माझी सत्ता तळ्याच्या काठापर्यंतच. झोपडीत माझं काही चालत नाही. आणि नियम ऐक. प्रत्येक वर एकाच शब्दात मागायचा. आणि तो अर्जुनाच्या शेंड्यावर सूर्य येईपर्यंतच. त्यानंतर मी दिसणार नाही."

सारजाने अर्जुनाच्या उंच पांढऱ्या झाडाकडे पाहिलं. सूर्य अजून खालच्या फांद्यांत खेळत होता. तिने खूप विचार केला. जिवंत किडा नको, पण किड्यासारखा किडा हवा. खोटा, मऊ, लुसलुशीत. हे सगळं एका शब्दात कसं बसवायचं?

"किडा," ती म्हणाली.

टप्पकन तिच्या तळहातावर एक हिरवागार नाकतोडा येऊन बसला. खराखुरा. मिशा हलवत तिच्याकडे बघू लागला.

"अगं, असला नाही, खोटा हवा होता."

"खोटा म्हणाली नाहीस तू."

"एकच शब्द म्हणाली होतीस ना."

"तेच तर," परी म्हणाली आणि तिला हसू आवरेना. सारजालाही आवरलं नाही. तिने नाकतोड्याला फुंकर घातली, तो उडी मारून गवतात गेला. एक वर संपला.

दुसऱ्यासाठी तिने डोळे मिटले. किडा करायला हात आहेत, डोळे आहेत. नाही ती फक्त वस्तू, ज्यातून तो करायचा. शीत विरघळतं. कणीक सुटते. लाकूड कडक. "मऊ," ती म्हणाली.

आणि तिच्या ओच्यात एक गोळा पडला. खरवसासारखा थलथलीत, गारेसारखा आरपार. बाजारात मऊ प्लास्टिकची खेळणी मिळतात ना, दाबली तर दबतात आणि सोडली की पुन्हा फुगतात, तसला. पण त्याहून कितीतरी नाजूक. "हा उबेला तुपासारखा वितळतो," परी म्हणाली, "आणि गार पाण्यात जमून येतो. धूर नाही, वास नाही. बाकीचं तुझं तू."

आता साचा हवा. साचा करायचा तर नमुना हवा, आणि नमुन्यासाठी किडा मारायचा नाही. सारजा लव्हाळ्यात शिरली. तिथे तिला ठाऊक असलेली एक गंमत होती. चतुराची पिल्लं पंख फुटेपर्यंत पाण्याखाली चिखलात राहतात. मोठी झाली की एखाद्या पहाटे लव्हाळ्यावर चढतात, पाठ उकलतात आणि जुनी कात तिथेच टाकून भुर्रकन उडून जातात. पात्यापात्यावर अशा रिकाम्या काती चिकटलेल्या होत्या. सहा पाय, फुगीर डोळे, पोटावरची वळी, सगळं जसंच्या तसं, फक्त आत कुणी नाही.

तिने काठची चिकणमाती मळली, तीत एकेक कात हलक्या हाताने दाबली आणि उचलली. मातीत किड्याचा ठसा उमटला. तीन दगडांवर पणती ठेवून, खाली चार काटक्या पेटवून तिने गोळ्याचा तुकडा वितळवला. पहिल्यांदा घाईने भसकन ओतला तेव्हा त्यात बुडबुडे राहिले आणि किड्याच्या पोटाला भोकं पडली. मग तिने धार केसासारखी बारीक धरली. परीने पंख झटकून रंगांची चिमूट दिली: गुलाबी, सोनेरी, निळी, आणि वर चांदीची पूड. साचे पाण्यात बुडवले, उकलले. सहा किडे निघाले, नवरीच्या दागिन्यांच्या डबीतून काढल्यासारखे झगमगीत.

लाल बूच नव्हतं म्हणून सारजाने ज्वारीच्या धांड्याचा हलका तुकडा दोरीला बांधला. गळाला सोनेरी किडा लावला आणि टाकला.

खवल्यांचा थवा आला. किडा लखलखला. सगळा थवा एका झटक्यात पळाला.

निळा टाकला, पळाला. गुलाबी टाकला, तर एक म्हातारी खवली जवळ येऊन त्याच्याकडे अशी पाहून गेली की सारजालाच लाज वाटली.

सूर्य अर्जुनाच्या वरच्या फांद्यांत पोचला होता. झोपडीतून मैनाचा बारीक खोकला ऐकू आला.

"एक वर उरलाय," परी हलकेच म्हणाली.

सारजाने ठरवलं. आता किडा नको, काही नको. सरळ "मासे" म्हणायचं. आजची वाटी तरी भरेल. तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात पायवाटेवरून गोदी आणि पोरं आली. गोदीच्या हातात या वेळी सात दोरे होते आणि सात दोऱ्यांना सात चतुर. एकाचा पंख फाटला होता. दुसऱ्याने झेपावणंच सोडून दिलं होतं, तो दोऱ्याला नुसता लोंबत होता.

"बघ सारजे," गोदी म्हणाली, "याला म्हणतात आमिष. आता एकेकाला टोचते, आणि बघ कशा खवल्या येतात."

सारजाच्या तोंडातून दुसरंच काहीतरी निसटलं. मागणं म्हणून नव्हे, कळवळा येतो तसं. "चतुर..."

सातही गाठी आपोआप सुटल्या. सात चतुर वाऱ्यावर चढले, फाटक्या पंखाचासुद्धा, आणि तळ्यावर सात रंगांच्या रेघा ओढत निघून गेले. गोदीच्या हातात सात नुसते दोरे राहिले.

"गाठ कुणी सोडली?" ती पोरांवर डाफरली. पोरं एकमेकांकडे बोट दाखवत, भांडत गावाकडे गेली.

सारजा मटकन खाली बसली. "मी मागितलं नव्हतं. मला मासे म्हणायचं होतं."

"एकच शब्द होता," परी म्हणाली, "आणि मनापासून होता. झाला वर पुरा."

"मग मैनाचं काय?"

परीने अर्जुनाकडे पाहिलं. शेंड्याला अजून हातभर अंतर होतं.

आता मध्येच तुम्हाला एक सांगतो. आमच्या बाजारात एक खेळणीवाला होता. त्याची बाहुली कुणी घेईना. एक दिवस तो स्वतःच्या दुकानापुढे उकिडवा बसला, पोराच्या उंचीवरून फळीकडे पाहिलं, तर काय, खालून बाहुलीचं तोंडच दिसत नव्हतं, नुसते पाय दिसत होते. त्याने फळी खाली आणली आणि संध्याकाळपर्यंत बाहुल्या संपल्या. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. सारजालाही कुणी शिकवलं नाही. तिने डोळे पुसले, काठावर पालथी झोपली आणि नाक पाण्याला टेकेपर्यंत वाकून खवल्यांच्या जगात पाहिलं.

तिथे काहीच झगमगत नव्हतं. चतुराची पिल्लं चिखलाच्या रंगाची होती, मळकी, तपकिरी, पाचोळ्यासारखी. ती नाचतही नव्हती. नुसती बसून राहायची आणि मध्येच एखादा केसासारखा पाय हलवायची. तो पाय हलला की खवली यायची.

"अगंबाई," सारजा पुटपुटली, "मी तर किड्याला लग्नाला निघाल्यासारखं नटवलं."

तिने किडे पुन्हा वितळवले. चांदीची पूड तळाशी बसली, ती टाकून दिली. तळ्याचा गाळ फडक्यातून गाळून त्याची चिमूट मिसळली. किडा साच्यातून कोमट असतानाच काढला आणि चिमटीने त्याचे पाय ओढून ओढून इतके बारीक केले की श्वासानेही थरथरावेत. मग गळ टाकला, आणि न हिसकता, न नाचवता, किड्याला आपला आपण बुडू दिला.

पाय थरथरले. धांड्याचा तुकडा एकदा डुलला. दुसऱ्यांदा डुलला. डुबुक.

पहिली खवली रुपयासारखी चमकत वर आली. मग दुसरी, मग पाचवी, मग अकरावी. मऊ किडा तोच, तसाच, कुठल्याही किड्याचा जीव न घेता पुन्हा पाण्यात जाणारा. टोपलीचा तळ रुपेरी झाला तेव्हा सारजाने मान वर केली.

"परी, ही अक्कल तू दिलीस का गं? चतुर म्हटलं होतं मी."

"तो शब्द दोन तोंडांचा आहे," परी म्हणाली. "त्याचा एक अर्थ मी दिला. दुसरा तू पालथी झोपून स्वतः आणलास. तो माझ्याकडे नव्हताच."

सूर्य अर्जुनाच्या शेंड्याला टेकला. परीचे चारही पंख आरपार उजळले, आधी दुधी, मग मोरपंखी, मग केशरी. तळ्याचे तिन्ही प्रहर एका क्षणात तिच्यात मावले, आणि ती प्रकाश होऊन पाण्यावर पसरली. लव्हाळ्याचं पातं तेवढं थोडा वेळ हलत राहिलं.

त्या दुपारी मैना वाटीभर रस्सा प्यायली आणि तिने पुन्हा वाटी पुढे केली. आयने टोपली विणणं थांबवून तिच्याकडे नुसतं पाहिलं. पंधरा दिवसांत मैनाचे गाल भरले. महिन्याने ती बदकांमागे धावू लागली, आणि तापाने झोपडीकडे फिरून पाहिलं नाही.

मऊ किड्याची बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. पोरं काठाशी जमली. "आम्हाला पण दे ना."

सारजाने भाव सांगितला: "चतुर बांधायचा दोरा द्या, किडा घ्या."

एकेक दोरा आला. लाल, पिवळा, कुणी आपल्या आयच्या लुगड्यातून उसवलेला, पतंगाचा. गोदी सगळ्यांत शेवटी आली. मूठ मिटलेली होती.

"दोरा नाही माझ्याकडे," ती खाली बघत म्हणाली. "सातही त्याच दिवशी फेकले. हे चालेल का?"

मुठीत बाचं लाल बूच होतं.

सारजाने ते घेतलं आणि गोदीला एक नाही, दोन किडे दिले.

जमलेल्या दोऱ्यांना पीळ घालून सारजाने मैनासाठी झोका केला. तो अर्जुनाला बांधला. मैना झोका घेते, खाली लाल बूच पाण्यावर टुकटुक डुलतं, आणि सकाळच्या उन्हात सात चतुर येऊन झोक्याच्या दोरावर बसतात. ज्या दोऱ्यांनी कधी चतुर बांधले जायचे, त्यांवरच ते पंख वाळवतात. तुम्ही त्या पायवाटेने गेलात तर हळू पावलांनी जा. तेवढीच विनंती, आणि तेवढीच गोष्ट.