ओळंब्याचा मालक

हत्यारं बोलत होती तेव्हाची गोष्ट. रखमाजी गवंडी गडाचा बुरूज बांधत होता. दोरीला टांगलेल्या ओळंब्याने दाखवलं, की भिंत बोटभर कलली आहे. रखमाजी वैतागला. "उद्या किल्लेदार बघायला येणार आहेत. सरळ आहे म्हण."

ओळंबा हलला नाही.

थापी म्हणाली, "अरे, मालकाचं ऐकावं. मी नाही ऐकत?"

"मीही ऐकतोच की," ओळंबा म्हणाला. "पण मला हुकूम खालून येतो, धरणीकडून. तिने अजून कोणालाच सूट दिलेली नाही."

रखमाजीने समोर पाहिलं. कड्यावरून अख्खा धबधबा खाली येत होता, ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ. त्याच्या स्वतःच्या कपाळावरचा घामही खालीच ओघळत होता.

त्याने हात जोडले. मग पहार उचलली आणि स्वतः रचलेले थर उतरवायला घेतले.