चाकनिंबाचा गिला वडा

अमरावतीत नवा पाहुणा आला की विचारतोच, इथं चांगला गिला वडा कुठं मिळतो? त्याला जाणती माणसं दुकानाचं नाव सांगत नाहीत. जुन्या जिनाच्या गल्लीत जा आणि ज्या गाडीला चाकं नाहीत तिथं खा, एवढंच सांगतात. गल्लीत सात गाड्या आहेत, सातही दगडांवर टेकवलेल्या. समोर म्हातारा कडुनिंब आहे. त्याच्या दोन फांद्यांच्या दुबेळक्यात एक लाकडी चाक रुतलंय, अर्धं बाहेर, अर्धं झाडाच्या पोटात.

फार वर्षांपूर्वी तिथं कापसातली सरकी काढायचा जिन चालायचा म्हणे. दुपारचा भोंगा झाला की रुईनं पांढऱ्याफटक झालेल्या बाया बाहेर यायच्या आणि दुसरा भोंगा व्हायच्या आत जे पोटात जाईल तेच जेवण. फाटकासमोर कौतिकमाय वड्यांची गाडी लावायची. आधी तीही जिनातच होती. तिची धाकटी बहीण उपाशीपोटी भोवळ येऊन रुईच्या ढिगावर पडली ती उठलीच नाही. त्या दिवशी कौतिकमायनं आण घेतली, या फाटकातून निघालेली बाई उपाशी आत जाणार नाही. रुईनं घसे कोरडे, सुका वडा गिळवेना, म्हणून तिनं तो ताकात बुडवला आणि वर लाल चटणी ओतली. चावत बसायला वेळ होता कुणाला?

जिनाचे मालक गुलाबराव. त्यांनी फाटकाच्या आत स्वतःचं भज्यांचं दुकान काढलं होतं. भजी कालची, तेल परवाचं. तिकडं कुत्रंही फिरकेना. मग त्यांनी गल्लीत पाटी ठोकली, की चाकाची गाडी इथं उभी करू नये.

कौतिकमायला वाचता येत नव्हतं. तिनं पाटी दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेतली. इथून हललं तर भोंग्याच्या आत बाया पोचणार नाहीत, हे तिला दिसत होतं. तिनं चार बायांना हाताशी धरून गाडी कलती केली, दोन्ही चाकं काढली आणि गाडी दगडांवर बसवली. एक चाक फोडून चुलीत घातलं. दुसरं निंबाच्या दुबेळक्यात असं ठोकून बसवलं की हलता हलेना.

गुलाबराव फाटकात येऊन म्हणाले, हा काय तमाशा लावला?

ती म्हणाली, "तमाशा नाही मालक. पाटीवर चाक लिहिलं होतं, एक चुलीत गेलं. दुसरं तुमच्या निंबात हाये. ते निघन तवा मी निघन. काढा."

चार गडी लागले. दोर तुटला, चाक निघेना. तेव्हा मालकांनी कुऱ्हाड मागवली.

आता या निंबाचं थोडं सांगायला हवं. गुलाबराव लहानपणी देवीच्या दुखण्यातून वाचले, तेव्हा त्यांच्या आईनं, सगुणाबाईनं, नवस फेडायला तो लावला होता. कौतिकमायला हे ठाऊक होतं की नव्हतं, यावर गल्लीत अजून दोन तट आहेत. कुऱ्हाडीचं ऐकून म्हातारी सगुणाबाई काठी टेकत आली आणि निंबाला पाठ लावून उभी राहिली.

"गुलाब," ती म्हणाली, "तुह्या तोंडावरचे वण गेले का रे?"

मालकांचा हात आपसूक गालावर गेला. कुऱ्हाड खाली ठेवली गेली. म्हातारी तिथल्याच दगडावर बसली आणि तिनं वडा मागितला. तोंडात एकही दात नव्हता, पण दोन वडे गेले, असं सांगतात.

मालक म्हणाले, चाक आपोआप कुजेल, तोवर बसू दे. पण पुढच्याच चैत्रात पालवीबरोबर निंबाची साल चाकावर चढली आणि तिनं ते आवळून धरलं. मग जिन बंद पडला, भोंगा मुका झाला, फाटक भंगारात गेलं. चाक काही निघालं नाही.

आजही त्या गल्लीत नवी गाडी आली की आधी तिची चाकं उतरवतात. आजही दुपारची पहिली प्लेट कामावरून आलेल्या बाईची. पाहुणा कितीही मोठा असो, त्यानं थांबायचं. आणि अधूनमधून आजही कुणीतरी गाड्या हटवा म्हणून पाटी लावून जातं. वडेवाल्या बाया ती नीट वाचतात, झाऱ्यानं निंबाकडं दाखवतात आणि म्हणतात, "काढा."