जैतुनअम्माची खुडूक कोंबडी

"आणि आत काहीच नाही असं कळलं, तरीही माणसानं बसून राहायचं का?"

जैतुनअम्मानं मान वर केली नाही. ती सुपातल्या कण्या निवडत होती.

विचारणारे विरूपाक्षस्वामी होते, नदीपलीकडच्या मठातले. पहाटे ध्यानाला बसले की ऊन डोक्यावर येईपर्यंत त्यांची पापणी हलत नाही, असं सगळ्या मुलखात बोललं जाई. थोरले स्वामी नुकतेच गेले होते. येत्या सोमवारी गादीवर यांनाच बसवायचं ठरलं होतं.

मठात कुणालाही न सांगता ते आज इथं आले होते, गावाबाहेरच्या तकियात, फकिरांच्या ठिकाणी. फकीर नवरा वारल्यावर तिथली दिवाबत्ती अम्माच बघे. तिच्याकडे कुणी ना कुणी काही विचारायला येत असे. ती क्वचितच बोले. थोरले स्वामीसुद्धा कधीमधी येऊन तिच्या पडवीत गुपचूप बसून जात. त्याचं विरूपाक्षस्वामींना नवल वाटे, आणि थोडा रागही येई.

प्रश्न त्यांनी मोठ्या तयारीनं मांडायला घेतला होता. आधी ते शून्याविषयी बोलले, मग साक्षीभावाविषयी. अम्मा ऐकते आहे की नाही तेच कळेना. बोलता बोलता सगळी भाषा गळून पडली आणि खरी गोष्ट तोंडातून निघाली. इतकी वर्षं बसले, पण आत कधी उजेड दिसला नाही, कसला नाद ऐकू आला नाही. पाय तेवढे बधिर होतात. मठातली मुलं मात्र त्याच पायांवर डोकं ठेवतात.

"गादीवर बसायच्या आत निघून जावं म्हणतो," ते म्हणाले. "सांगलीकडे भाऊ आहे. त्याच्या दुकानात..."

अम्मानं कण्यांची मूठ भरली आणि ती उठली.

"ये."

परसात, भिंतीच्या सावलीला एक तुटकं डालगं आडवं पडलं होतं. आत काळी कोंबडी बसली होती. पिसं फुलवून, पसरट होऊन, डोळे अर्धे मिटून. अम्मानं पुढ्यात कण्या टाकल्या. कोंबडीनं ढुंकूनही पाहिलं नाही.

स्वामी दोन पावलं मागेच थांबले. त्यांच्या घरात कधी कोंबडी शिरली नव्हती.

खुडूक झालीय, अम्मानं सांगितलं. अंडी घालायची बंद झाली आणि उबवायला बसली. उन्हाळ्यात पिल्लं नकोत म्हणून अम्मानं अंडी काढून घेतली, तरी ही बसलेलीच. गार पाण्यात बुडवून काढली. अंग झाडून परत आली. टोपलीखाली कोंडली, सुटली ती थेट इथंच. कुणी सांगितलं, नाकात पीस घाल, उठेल. ते मात्र अम्माच्यानं झालं नाही.

"म्हणजे खाली काहीच नाही?" स्वामींनी विचारलं.

"काही नाही."

स्वामींना हसू आलं. आल्यापासून पहिल्यांदाच. पण ते हसू ओठांवर टिकलं नाही.

"हात घाल," अम्मा म्हणाली.

"मी?"

अम्मा बाजूला झाली. उभी राहिली.



शेवटी स्वामी उकिडवे बसले. हात पुढे गेला तशी कोंबडी फिस्कारली. तिनं मनगटावर टोच मारली. त्यांनी हात मागे घेतला नाही. बोटं पिसांत शिरली, पिसांच्या खाली गेली. तिथं पीस नव्हतं. कोंबडीनं आपल्या छातीची पिसं आपणच उपटून टाकली होती. उघडी कातडी थेट त्यांच्या तळहाताला लागली.

किती ऊब होती ती... तापलेल्या माणसाच्या कपाळासारखी. खाली नुसती माती, आणि मातीसुद्धा गरम.

स्वामी तसेच राहिले. हात काढावा असं त्यांना वाटेना.

तेवढ्यात कुंपणापाशी हाक आली. शेजारच्या मळ्यातली सुलोचना धावत आली होती, पदराची ओटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. तिची कोंबडी अंड्यांवरनं मुंगसानं ओढून नेली होती. पिल्लं निघायच्या बेतात होती, आज-उद्याचाच प्रश्न. अम्माची कोंबडी खुडूक आहे हे तिनं ऐकलं होतं. एवढं एका दमात सांगून ती रडायलाच लागली. ओटीतली अंडी गार व्हायला लागली होती.

अम्मानं स्वामींकडे पाहिलं.

"तुझा हात आतच आहे. तूच ठेव."

स्वामींनी पहिलं अंडं घेतलं. कोंबडीच्या छातीखाली सरकवलं. ती पुन्हा टोचेल म्हणून त्यांनी डोळे मिटले होते. टोच बसली नाही. डोळे उघडले तर ती चोच वाकवून ते अंडं आणखी आत ओढून घेत होती.

दुसरं. तिसरं. कोंबडी अंग थोडं उचली, जागा करी, परत बसे.

पुढचं अंडं त्यांच्या तळहातावर होतं, आणि ते बोललं.

कवचाला कुठं तडा नव्हता. तरी आतून आवाज आला होता, बारीक, सुईच्या टोकाएवढा. चिव्... मग काही नाही. मग पुन्हा.

कोंबडीनं मान वळवली. दिवसभर फिस्काराखेरीज तिच्याकडून काही निघालं नव्हतं. आता तिच्या गळ्यातून निराळाच सूर आला. खोल, घोगरा, मायेचा. कुर्र... कुर्र...

अंड्यानं उत्तर दिलं.

स्वामींनी ते अंडं तिच्याखाली ठेवलं, आणि ते तिथंच मातीत बसले. सुलोचना उरलेली अंडी ठेवून, डोळे पुसून घरी गेली. ऊन उतरलं. मठाची सायंपूजेची वेळ झाली आणि टळली. ते कान लावून ऐकत होते. कवचाच्या अलीकडून हाक, पलीकडून ओ. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं त्यांचं बोलणं चाललं होतं. आपण कुणी तरी मोठे आहोत, हे त्यांना त्या वेळात एकदाही आठवलं नाही.

रात्री ते पडवीतच आडवे झाले.

सकाळी अम्मानं हाक मारली. काळ्या पंखाखालून एक ओलसर डोकं बाहेर आलं होतं. मग त्याच्या शेजारी दुसरं. दोन अंडी तशीच राहिली, ती अम्मानं बाजूला काढली. बाकीची सगळी फुटली. कोंबडी त्या परक्या पिल्लांना कण्या दाखवत होती.

स्वामींनी वाकून नमस्कार केला. मठात जातो, म्हणाले. मुलांना खरं काय ते सांगतो, मला काही दिसलेलं नाही म्हणून. मग त्यांना राहायचं तर राहोत, जायचं तर जावोत. मी बसेन.

अम्मानं मान हलवली.

स्वामी निघाले. कुंपणापाशी थांबले. परत आले.

"अम्मा... एवढे दिवस रिकाम्या मातीवर बसली. अंडी येणार हे हिला ठाऊक होतं?"

अम्मा पिल्लांकडे बघत राहिली.

"ठाऊक असतं बेटा, तर उठून वाट बघायला दारात गेली असती."