धुतलेली पट्टी

"पण चाचा, कापडात दोष नव्हता हे मला ठाऊक असताना मी गप्प का बसू?"

विचारणारे डॉ. भूपाल मगदूम. हवा गाळणाऱ्या कापडामागं त्यांनी सात वर्षं घातलेली. तंतू बोटांनी ओळखायला मात्र त्यांना शिकवलं बाबालाल नदाफांनी. चाचांनी जन्मभर कापूस पिंजला आणि त्याच कापसानं त्यांची छाती भरली. चार शब्द बोलले की ते थांबत.

"सूतगिरणीत बारा जणांना माझ्या कापडाच्या, तोंडाला बांधायच्या पट्ट्या दिल्या," भूपाल म्हणाले. "अकरा जण धडधाकट आहेत. छाती भरून गेला तो एकटा दौलू."

"का रं?"

"बाकीच्यांनी पट्टी काळी होईतो वापरली आणि टाकली. दौलूची बायको गिरजा ती रोज साबणानं धुवायची. तंतूंवर वीज भरलेली असते चाचा, तीच बारीक धूळ धरते. साबणानं ती वीज गेली. राहिलं नुसतं फडकं."

"गिरजाला... ठाऊक हुतं?"

"पाकिटावर छापलं होतं, धुऊ नका म्हणून."

"वाचाय येतंय तिला?"

भूपालनी पिशवीतून एक कागद काढला.

"'मी पट्टी धूत होते' एवढ्यावर तिचा अंगठा हवा. नाहीतर गिरणी कापड नाकारणार, सात वर्षं पाण्यात. तुम्ही सोबत चला. तुमचा शब्द ती मोडायची नाही."

शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचा अंगठा फार लवकर आठवतो.

"आनि तिनं इचारलं, अंगठा कशाला... तर?"

"खरं ते सांगू."

चाचांनी पट्टी बघायला हात पुढं केला. भूपालनी पुरावा म्हणून आणलेली दौलूची पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. पांढरीशुभ्र. नाडी तुटली होती तिथं गिरजानं बारीक टाके घातलेले.

चाचांनी ती हुंगली. मग आपल्याच तोंडाला बांधली.

"काढा चाचा. ती आता काही अडवत नाही."

चाचांनी काढली नाही. खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी पट्टीतच सोसली. भूपालना त्यांच्याकडं बघवेना.

"चल," अखेर चाचा म्हणाले. "कागद हितंच ऱ्हाऊ दे."

"मग तिला सांगायचं काय?"

चाचांनी श्वास गोळा केला.

"सांग... कापड वाईट निघालं."