केरात ठेवलेलं नाव

“आणि तुझ्या नावाचा अर्थ?” सोमगिरी महाराजांनी विचारलं.

शिष्याची बोलतीच बंद झाली.

एरवी त्याचं तोंड मिटत नसे. मठात येणाऱ्या प्रत्येकाला तो त्याच्या नावाचं मूळ, धातू, अर्थ सगळं ऐकवी. पाया पडायला आलेली साधी माणसं बिचारी नाव सांगायलाच घाबरत.

“केर म्हणजे... झाडून टाकायचा कचरा,” तो पुटपुटला. “महाराज, परवा माझी दीक्षा. मला तेजोगिरी नाव द्या. सगळ्यांसमोर केरू म्हणालात, तर मी दीक्षाच घेणार नाही.”

“देतो की. आधी ज्यानं हे नाव ठेवलं, त्याला विचारून ये.”

“आईला? तिला काय कळतंय त्यातलं!”

महाराजांनी नुसतं दाराकडं बोट दाखवलं.

तो चरफडत गावी गेला. आई भाकऱ्या थापत होती. लेकाचं म्हणणं ऐकून तिचे हात थांबले.

“बदल की बाबा. आता काय भ्या न्हाई.”

“कसलं भ्या?”

“तुझ्याआधी तिघं झाली. राजाराम, जयवंत, यशवंत. लई हौसेनं नावं ठिवली. एकालाबी दात आला न्हाई...”

तो चुलीपाशी खाली बसला.

“मग तुला जन्मल्या जन्मल्या दाराबाहेर केरात ठिवला. सुईण म्हनली, यम आला तर कचरा समजून माघारी जाईल. मीच तुला सुपात भरून आत आणला. केरू म्हणून हाक मारायची, अन् दाराकडं बघायची. पाच वर्सं बघत हुते.”

तव्यावरची भाकरी करपली. दोघांनाही कळलं नाही.

आईला सोबत घेऊनच तो परतला.

दीक्षेच्या दिवशी मठाचं अंगण माणसांनी भरून गेलं. महाराजांनी विचारलं, “कोणतं नाव घेतोस?”

“केरूगिरी!”

कळसावरची कबुतरं भर्रकन उडाली. मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. तोही हसला, छाती भरून हसला, आणि यमालाही ऐकू जावं अशा आवाजात पुन्हा म्हणाला, “केरूगिरी!”

महाराज उठले. भगवी कफनी त्याच्या खांद्यावर टाकली आणि त्याला ओलांडून थेट दाराशी गेले. तिथं त्याची आई अंग चोरून उभी होती.

त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

“माई,” ते म्हणाले, “एवढा मोठा मंत्र तुम्हाला कुणी दिला?”