पाच तासांचा झेंडा

एकदा एका ताडपत्रीच्या व्यापाऱ्याने जिलबी सोडली. नवस नव्हता, मधुमेह नव्हता, घरात कुणी अडवलेही नव्हते. बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन चार तासांच्या आत पूर्ण करीन त्या दिवशीच जिलबीला हात लावीन, असे त्याने भर बाजारात जाहीर केले आणि तिथेच तो फसला. कारण त्याच्या दुकानाला लागूनच जिलबीचे दुकान होते.

हलवाई मनाने वाईट नव्हता. पण सकाळी पहिला घाणा निघाला की तो कढईवरूनच हाक द्यायचा, "शेठ, गरम आहे! झाले का चार तास?"

"चार तास अकरा मिनिटं," व्यापारी ताडपत्रीच्या गुंडाळ्यांआडून सांगायचा.

"मग राहू द्या. अकरा मिनिटांत जिलबी मऊ पडते."

हा संवाद तीन वर्षे चालला. मिनिटे तेवढी बदलली. पहिल्या वर्षी अकरा होती, दुसऱ्या वर्षी सात, तिसऱ्या वर्षी पाच. व्यापाऱ्याचे वय सत्तेचाळीस, शरीर काटक, सराव नियमित, आणि बुटांच्या बाबतीत तर सांगायलाच नको. बायको म्हणायची, घरात माणसे चार आणि बूट अकरा जोड. दर वर्षी महानगरातल्या मोठ्या मॅरेथॉनला तो उमेदीने जायचा आणि दर वर्षी एकच गोष्ट घडायची. पहिला अर्धा टप्पा वाऱ्यासारखा सुटायचा. बत्तिसाव्या किलोमीटरला उड्डाणपुलाचा चढ लागला की पाय लाकडाचे व्हायचे, आणि हा कठड्याला हात लावत चालू लागायचा. शेजारून साठीच्या बायका "चला, चला काका" म्हणत पुढे जायच्या. ते 'काका' त्याला फार लागायचे.

चूक धावण्यातली नव्हती, धंद्यातली होती. सकाळच्या पहिल्या विक्रीला आपण भवानी म्हणतो. भवानी दणक्यात झाली की दिवस आपला, अशी आपल्यापैकी पुष्कळांची पक्की समजूत असते. माझ्या ओळखीचा एक साडीवाला पहिल्या गिऱ्हाइकापुढेच कपाटातल्या सगळ्या पैठण्या उलगडून ठेवायचा. अकरा वाजता लग्नाची खरी मंडळी यायची, तेव्हा हा घामाघूम होऊन घड्या घालत बसलेला असायचा, आणि मंडळी समोरच्या दुकानात शिरायची. आमचा ताडपत्रीवाला पहिले दहा किलोमीटर असेच उलगडायचा. म्हणायचा, सुरुवातीलाच चार-पाच मिनिटे गाठीला बांधून ठेवली म्हणजे पुढे चिंता नको. ती गाठ उड्डाणपुलावर सुटायची.

त्याचे गुरू होते आप्पा. वय बहात्तर. पाटबंधारे खात्यात ते पाटकरी होते, म्हणजे कालव्याचे पाणी पाळीपाळीने शेतांना सोडणारे. चौतीस वर्षे कालव्याच्या कडेने रोज पंधरा-वीस किलोमीटर चालले, आणि निवृत्तीनंतर नुसते चालणे पुरेना म्हणून धावू लागले. गावाबाहेरच्या टेकडीखाली सकाळी वीस-पंचवीस जण त्यांच्या देखरेखीखाली सराव करीत. आप्पा मितभाषी. या शिष्याला तीन वर्षे त्यांनी एकच वाक्य सांगितले, "सुरुवातीला पाय खोटं बोलतात. त्यांचं ऐकू नकोस."

"अगदी बरोबर, आप्पा," शिष्य मनापासून म्हणायचा. आणि शर्यत सुरू झाली की मनापासून विसरायचा.

चौथ्या वर्षी मोठ्या शर्यतीला दोन महिने उरले. आता आप्पा कसून सराव घेतील, चढावर पळवतील, अशी शिष्याची अपेक्षा होती. आप्पांनी त्याच्या हातात एक काठी दिली. काठीला पिवळा झेंडा, आणि झेंड्यावर मोठ्या आकड्यांत लिहिलेले: पाच तास.

"येत्या रविवारी आपल्या जिल्ह्याची मॅरेथॉन आहे," आप्पा म्हणाले. "तिथं तू पेसर."

पेसर म्हणजे झेंडा घेऊन ठरल्या वेगाने धावणारा माणूस. ज्यांना पाच तासांत पोचायचे असते ते त्याच्या मागून धावतात, आणि धावणारी मंडळी या सगळ्या घोळक्याला 'बस' म्हणतात. पेसरने उशिरा पोचायचे नाही आणि लवकरही पोचायचे नाही. मागच्यांचा भरवसा त्याच्या झेंड्यावर असतो.

शिष्याचा चेहरा उतरला. "आप्पा, माझं ध्येय चार तासांच्या आतलं. आणि तुम्ही मला पाच तासांची बस हाकायला सांगता? बाजारात कळलं तर तो हलवाई..."

"हलवायाला मी सांगितलंय."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, पाच तासांत आमची बासुंदी होते."

शिष्याने फार विनवले. आप्पांनी एवढेच सांगितले, "चार तास एकोणसाठच्या आत पोचलास तर पुन्हा टेकडीवर येऊ नकोस."

रविवारी सकाळी झेंडा पाठीला बांधून तो उभा राहिला, तेव्हा त्याच्या बसमध्ये तीसेक माणसे जमली होती. सगळ्यांत पुढे होत्या एक अक्का. अठ्ठावन्न वर्षांच्या, सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, पहिलीच पूर्ण मॅरेथॉन. पाच तासांच्या आत आल्या तर सून वर्षभर भाकऱ्या थापणार, अशी पैज लागली होती. सहाव्या किलोमीटरलाच त्या झेंड्याच्या पुढे गेल्या.

"अहो झेंडेवाले, जरा हला की! ही बस आहे का बैलगाडी?"

"अजून नाही, अक्का. मागे या."

"अहो पण पाय शिवशिवतायत माझे!"

"शिवशिवू द्या," व्यापारी म्हणाला. "ते आत्ता खोटं बोलतायत. तिसाव्या किलोमीटरला काय बोलतात ते आपण दोघं ऐकू."

अक्का कुरकुरत मागे आल्या. दहाव्या किलोमीटरला त्यांनी पुन्हा विचारले, अठराव्याला पुन्हा. दर वेळी हा म्हणायचा, "अजून नाही." एकदा तर त्याच्या स्वतःच्याच पायांनी उचल खाल्ली. मोकळा उतार होता, छाती हलकी होती, आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चार तासांचा झेंडा वळसा घेऊन परतताना दिसत होता. त्याने मागे वळून पाहिले. तीस माणसे त्याच्या पाठीवरच्या पिवळ्या कापडाकडे डोळे लावून येत होती. त्याने पाऊल आखडले.

तिसावा आला, बत्तिसावा आला. रस्त्याच्या कडेला कितीतरी जण कमरेवर हात ठेवून उभे होते. सकाळी हेच सगळे बसला मागे टाकून गेले होते. बस आपली ठक ठक ठक चालली होती. छत्तिसाव्या किलोमीटरचा फलक दिसला तसा तो अक्कांकडे वळला.

"पाय काय म्हणतात, अक्का?"

"दुखतायत. पण चालू आहेत."

"मग आता सुटा."

अक्का सुटल्या. मागून आणखी सात-आठ जण सुटले. झेंडा मात्र आपल्याच चालीने चार तास एकोणसाठ मिनिटे चाळीस सेकंदांनी कमानीखाली आला. अक्का तीन मिनिटे आधी पोचून पदक गळ्यात घालून उभ्या होत्या. "अहो बैलगाडीवाले," त्या म्हणाल्या, "सुनेला फोन केला. पीठ मळायला लागली असेल." आणि त्यांनी आपल्या पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू त्याच्या हातावर ठेवला.

आप्पांनी संध्याकाळी फक्त विचारले, "अक्का पोचल्या?"

"पोचल्या. पण आप्पा, माझं काय? माझा सराव बुडाला तो बुडालाच."

आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुढचे सात आठवडे त्यांनी नेहमीचाच सराव घेतला आणि त्या रविवारचा विषय काढला नाही.

मोठ्या मॅरेथॉनचा दिवस उजाडला. हजारो माणसे, ढोल, लाऊडस्पीकर, पुढे ढकलणारी गर्दी. चौथ्या किलोमीटरपर्यंत डावीकडून उजवीकडून माणसे सपासप पुढे निघून गेली. व्यापाऱ्याचे पाय शिवशिवू लागले. हे तेच ठिकाण होते, जिथे तो दर वर्षी सुटत असे. नकळत त्याचा हात खांद्यामागे गेला. तिथे काठी नव्हती. पण तोंडातून शब्द आले, आणि चांगले मोठ्याने आले:

"अजून नाही, अक्का."

शेजारून धावणाऱ्या तरुणाने दचकून पाहिले. "मला म्हणालात का काका?"

"नाही हो. पायांना म्हणालो."

तरुण जरा लांबून धावू लागला.

अर्धे अंतर संपले तेव्हा घड्याळात दोन तास वीस सेकंद झाले होते. तीन वर्षांत या जागी तो इतका मागे कधीच नव्हता. गाठीला एक मिनिट नाही, उलट वीस सेकंद तुटलेले. जिलबी डोळ्यांपुढे आली, बाजार आला, हलवायाची हाक आली. आत्ता वेग वाढवला तर? आणि मग त्याला लाज वाटली. तीस माणसांना छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट स्वतःवर आली की मोडायची? अक्का मागे असत्या तर काय म्हणाल्या असत्या? तो आपल्या चालीने जात राहिला.

उड्डाणपूल आला. कठडा तोच होता, चढ तोच होता, आणि कठड्याला हात लावून चालणारी माणसेही होती. त्यांत तो मघाचा तरुण होता. व्यापारी त्याच्या शेजारून जाताना म्हणाला, "हळू, पण चालू ठेवा. माझी इथं तीन वर्षं गेलीत." पुलाच्या माथ्यावर आल्यावर त्याला कळले की आपण चाललो नाही, धावतच वर आलो. छत्तिसाव्या किलोमीटरला त्याने स्वतःला परवानगी दिली. "आता."

तीन तास अठ्ठावन्न मिनिटे बारा सेकंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी हलवायाच्या बाकावर आप्पा बसले होते, शेजारी पदक घातलेला शिष्य, आणि भोवती अर्धा बाजार. कढईत घाणा फुलत होता.

"आप्पा," शिष्य म्हणाला, "त्या झेंड्यामुळे झालं, एवढं मला उमगलं. पण मी अक्कांना जे सांगितलं ते शब्द तुमचेच होते. तीन वर्षं तुम्ही मला तेच सांगत होतात. तेव्हा का नाही लागू पडलं?"

आप्पांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"कालव्याच्या तोंडाशी एक शेतकरी होता," ते म्हणाले. "त्याला मी दर पाळीला सांगायचो, बाबा, पाण्याचं दार कमी उघड, शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही. तो हात जोडायचा, बरोबर आहे म्हणायचा, आणि माझी पाठ वळली की दार सताड उघडायचा. तो लबाड नव्हता. त्याला खरंच पटायचं. फक्त पटलेलं कानापाशीच राहायचं. एका वर्षी मी दारांची चावी त्याच्याच हातात दिली. म्हटलं, ही पाळी तू सांभाळ, शेवटच्या शेताला पाणी नाही पोचलं तर लोक तुला विचारतील. तिसऱ्या दिवशी पाहतो तर हा बांधावर उभा राहून सख्ख्या भावावर ओरडतोय, दार कमी कर म्हणून. मग मी त्याचं स्वतःचं दार जाऊन पाहिलं. चार बोटं उघडं होतं."

"तुम्ही काही बोललात त्याला?"

"काय बोलायचं? मी सांगितलेलं त्यानं नुसतं ऐकलं होतं. त्यानं दुसऱ्याला सांगितलेलं मात्र त्याला पाळावं लागलं. तुझंही तेच. तुझ्या कानात माझं वाक्य तीन वर्षं पडून होतं. अक्कांसाठी ते तुझ्या तोंडातून निघालं, तेव्हा तुझं झालं."

शिष्य गळ्यातले पदक बोटांनी फिरवत राहिला. जो उपदेश आपल्याला पटतो पण पाळता येत नाही, तो एकदा दुसऱ्याच्या भल्यासाठी आपल्या खांद्यावर घेऊन पाहावा, एवढेच मी या गोष्टीतून घेतले आहे.

तेवढ्यात हलवायाने झाऱ्यावरून थेट ताटलीत चार जिलब्या सोडल्या आणि समोर ठेवल्या. "शेठ, गरम आहे! तीन वर्षं थांबलात, आता एक क्षण थांबू नका!"

सगळा बाजार बघत होता. शिष्याचा हात ताटलीकडे गेला. पाकातून वाफा निघत होत्या. हात अधांतरी थांबला.

"अजून नाही," तो म्हणाला.

बाजार खो खो हसला, आप्पासुद्धा हसले, आणि जिलबी तोंड न भाजण्याइतकी निवेपर्यंत सगळे त्याच्याबरोबर थांबले. मग त्याने पहिला तुकडा मोडला. कुरकुरीत होता.