पिशवीतला अनंत

खुरप्यांना आणि रोपांना वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. बायको गेल्यावर वर्षभराने भालचंद्रराव पहिल्यांदाच नर्सरीत गेले आणि अनंताचं रोप घेऊन आले. बागेत खड्डा खणून त्यांनी ते पिशवीसकट आत ठेवलं.

"अहो, पिशवी फाडा आधी!" खुरपं ओरडलं. "बाईंनी असं लावलं असतं का?"

"ती कुठे विकत आणायची? झाड काय विकत घ्यायचं असतं, म्हणायची. शेजारणींकडून फांद्या मागून आणायची. पिशवी मी कधी पाहिलीच नाही."

"फाडू नका," रोप कळवळलं. "हिनेच मला धरून ठेवलंय. ही गेली की मी कोसळेन."

"आणि राहिली तर तुझी मुळं आतल्या आत गुदमरतील," खुरपं म्हणालं.

भालचंद्ररावांनी रोप खड्ड्यातून वर घेतलं. मग त्यांनी हळूच पिशवी फाडली आणि ते पुन्हा लावलं. आठ दिवस रोपाने मान टाकली होती. नवव्या दिवशी कोवळं पान फुटलं.

त्या सकाळी शेजारच्या जाईकडे बघत त्यांनी खुरप्याला विचारलं, "ही जाई कुणाकडची?"

"दामलेवहिनींकडची. लावताना बाई गात होत्या."

"गायची ती?"

"रोज. तुम्ही आत पेपर वाचत असायचात."

भालचंद्रराव पलीकडच्या झाडापाशी जाऊन बसले. "आणि हे?"